परत येण्याचं कारण

मनकर्णा सोनकांबळेने काचीगुड्याच्या एका मराठी शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवला. बाल्टिक समुद्र, त्याच्या काठची बंदरं, हिवाळ्यात गोठणारं पाणी, हे सगळं तिने फळ्यावर रंगीत खडूने काढलं होतं. स्वतः समुद्र पाहिला तो मात्र चौतिसाव्या वर्षी, शाळेच्या सहलीबरोबर विशाखापट्टणमला. मराठीची वैशाली आणि गणिताची मेधाही त्या सहलीला होत्या. तिघी चपला हातात घेऊन पाण्यात उभ्या असताना वैशाली म्हणाली होती, रिटायर झालो की मनूने शिकवलेली सगळी बंदरं बोटीने बघायची. असली बोलणी बहुतेक हवेत विरतात. हे विरलं नाही. निवृत्तीनंतर चार वर्षांनी वैशालीनेच सहल शोधून काढली: कोपनहेगनहून निघायचं, स्टॉकहोम, हेलसिंकी, टालिन करत परत यायचं, जाऊन येऊन बारा दिवस.

मनकर्णाने तीन महिने तयारी केली. प्रत्येक बंदराचा एक कागद. त्यावर हाताने काढलेला नकाशा, बोट कुठे लागते, तिथून जुन्या गावात कसं जायचं, काय बघायचं, कुठे बसायला बाकं आहेत. मेधाचे गुडघे दुखायचे म्हणून चढ कुठे आहे तेही लिहिलं होतं. त्या दोघी हसायच्या आणि म्हणायच्या, आम्हाला गाइडची गरजच नाही. पण मनकर्णाला हसण्याचं काही वाटायचं नाही. इतक्या वर्षांत कुणासाठी इतकी तयारी करायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

ती नल्लकुंट्याला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. वडील नांदेडकडून रेल्वेत लागून काचीगुड्याला आले, ते इथलेच झाले. लग्न राहून गेलं. आईवडील गेले, मग भाऊ गेला. भावाचा मुलगा गौतम इंजिनिअरिंगची चार वर्षं तिच्याकडे राहिला होता. आता तो पुण्यात होता, बायको आणि दोन वर्षांच्या मुलीबरोबर.

सहलीची बातमी बिल्डिंगमध्ये पसरली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या एकनाथरावांनी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून छोटा सत्कारच केला. ते उदगीरकडचे, शेतकरी घरातले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि आता सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी शाल घातली आणि भाषण केलं, की आपल्या बिल्डिंगमधून बोटीने युरोप बघणाऱ्या सोनकांबळे मॅडम पहिल्याच. त्यांच्या पत्नी इंदुताईंनी पेढे वाटले. मनकर्णाने संकोचून सगळ्यांना नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी तिने दूधवाल्याला आणि पेपरवाल्याला तारखा सांगून टाकल्या.

निघायला नऊ दिवस उरले असताना पासपोर्ट परत आला. आत एक छापील कागद होता. त्यावर नकाराची दहाबारा कारणं ओळीने दिलेली होती आणि त्यातल्या एकापुढे खूण केली होती. मुदत संपण्यापूर्वी अर्जदार परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे, असा त्याचा अर्थ. ती दारातच उभी होती. तिने ते वाक्य तीनदा वाचलं आणि मग दार लावून घेतलं.

वैशाली आणि मेधाचे व्हिसे दोन दिवस आधीच आले होते. वैशालीच्या फॉर्मवर नवरा होता, दोन मुलगे होते. मेधा विधवा असली तरी मुलगा, सून, नातवंडं असं भरलेलं घर होतं. मनकर्णाच्या फॉर्मवर त्या सगळ्या चौकोनांत तिने आपल्या नीटस अक्षरात 'नाही' लिहिलं होतं.

हिमायतनगरच्या ट्रॅव्हल ऑफिसातली बाई समजूतदार होती. ती म्हणाली, तीन दिवसांनी एक अपॉइंटमेंट मिळतेय, पुन्हा अर्ज करू, घाई केली तर वेळेत होऊनही जाईल. फक्त घरच्या कुणाचं तरी पत्र हवं. तुमचं इथे असणं कुणासाठी गरजेचं आहे, कुणाची देखभाल तुमच्यावर आहे, तुम्ही परत आला नाहीत तर कुणाचं अडेल, असं स्पष्ट लिहिलेलं.

मनकर्णाने गौतमला फोन केला. तो मीटिंगमधून बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं, व्हिसावाल्यांना दोन शिव्या घातल्या. मग म्हणाला, "आत्या, तू ड्राफ्ट पाठव ना. तुला नीट लिहिता येतं. तू लिही काय हवं ते, मी सही करून स्कॅन पाठवतो."

त्याच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. तो पाच मिनिटांत सही करून देणारच होता.

ती टेबलाशी बसली. आधी मराठीत लिहू आणि मग इंग्रजी करू, असं ठरवून तिने लिहायला घेतलं. 'माझी आत्या श्रीमती मनकर्णा सोनकांबळे ही आमच्या कुटुंबाचा आधार आहे. ती ठरल्या तारखेला भारतात परत येणं आमच्यासाठी अत्यंत आवश्यक आहे, कारण' इथपर्यंत हात भरभर चालला. पुढे चालेना. कारण ती माझ्या मुलीला सांभाळते? मुलीला तिने दोनदाच पाहिलं होतं. कारण माझे सगळे निर्णय ती घेते? त्याने घर घेतलं हे तिला वास्तुशांतीच्या फोटोवरून कळलं होतं. एकतीस वर्षं ती पोरांना सांगत आली होती, की माहीत नसेल तर जागा कोरी सोडा, मनचं लिहू नका. दुपारची संध्याकाळ झाली. तिने बरीच कारणं मनात मांडून पाहिली. एकही खरं नव्हतं, आणि स्वतःच्या अक्षरात स्वतःबद्दल तसं खोटं लिहायचं तिच्याच्याने होईना.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात कळवलं, की पत्र जमत नाही. मैत्रिणींना सांगितलं, की पुन्हा अर्ज करायला वेळच नाही म्हणतात. गौतमला कळवलं, व्हिसा काही मिळत नाही, आता तुझ्या पत्राची गरज नाही.

वैशाली फोनवर रडली. मग आम्हीही नाही जात, असं म्हणाली. मनकर्णाने तिला रागावून गप्प केलं. रात्रीपर्यंत वैशालीचा परत फोन आला, की तिची नणंद शिल्पा हिच्याकडे व्हिसा आहेच, लेकीकडे जर्मनीला जाऊन आली ना ती, तर तिसरी जागा वाया जाण्यापेक्षा... मनकर्णा म्हणाली, छान झालं. शिल्पाकडे जाड कोट नव्हता. मनकर्णाने या सहलीसाठी घेतलेला निळा कोट तिला बरोबर बसेल, असं वैशालीला वाटत होतं. मनकर्णा त्यालाही हो म्हणाली.

बिल्डिंगमध्ये सांगायचं रोज ठरवत होती. शाल घडी करून कपाटात ठेवलेली, ती परत द्यायची की नाही यावरच गाडी अडायची. जिन्यात कुणी भेटलं की विचारायचं, झाली का तयारी? ती म्हणायची, चाललंय.

निघायच्या दिवशी सकाळी ती मोठी बॅग घेऊन खाली उतरली. बॅगेत कोट होता, मैत्रिणींसाठी चिवडा होता, लोकरीचे मोजे होते आणि बंदरांच्या त्या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स होत्या. मूळ कागद तिने घरीच ठेवले होते. बरकतपुऱ्याला वैशालीच्या घरी हे देऊन यायचं, एवढंच काम. पण फाटकाशी इंदुताई वाटीत दहीसाखर घेऊन उभ्याच होत्या. "लक्षात होतं मला," त्या म्हणाल्या आणि तिच्या तळहातावर वरूनच चमचाभर दही घातलं. "सांभाळून जा मॅडम. बोटीवर हल्लू चालायचं, पाय घसरतो म्हणे."

मनकर्णाने दही खाल्लं. तेव्हा सांगायचं होतं. एकनाथरावांनी रिक्षा थांबवली आणि बॅग आत ठेवली. ती बसली आणि रिक्षा निघाली.

वैशालीच्या घरी गडबड चालली होती. शिल्पाने कोट घालून पाहिला, तो तिला खरंच छान बसला. मेधाने मनकर्णाचा हात बराच वेळ धरून ठेवला. विमानतळाला जाणारी गाडी वळली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मनकर्णा रिकामी बॅग घेऊन चालतच नल्लकुंट्याला आली. वॉचमन जेवायला गेला होता. जिन्यात कुणी नव्हतं. ती वर चढली, कुलूप उघडलं आणि आत जाऊन कडी घातली.

लपायचं असं तिने ठरवलं नव्हतं. संध्याकाळी दार उघडू म्हणून ती बसली आणि संध्याकाळी तिला वाटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी तर अजूनच कठीण झालं, कारण आता काल का सांगितलं नाही तेही सांगावं लागणार होतं. घरात तांदूळ होते, डाळी होत्या, पोळ्यांचं पीठ होतं. दूध बंदच केलेलं. ती कोरा चहा प्यायला लागली. अनवाणी चालायची, कुकर लावायची नाही, भात पातेल्यात शिजवायची. खिडक्या बंद, त्यात हैदराबादचा जून. खालून इंदुताईंच्या आवकायचा, कैरीच्या त्या लोणच्यातल्या मोहरीचा आणि तिखटाचा वास यायचा आणि तिला शिंक आवरावी लागायची.

फोन मात्र चालू होता. पहिले तीन दिवस मैत्रिणींचे फोटो आले. कोपनहेगनच्या धक्क्यावर तिघी. बोटीच्या जेवणाच्या हॉलमध्ये तिघी. स्टॉकहोमच्या बेटांमधून बोट जाताना रेलिंगपाशी उभी शिल्पा, निळ्या कोटात, पाठमोरी. मनकर्णा तो फोटो मोठा करून मागची बेटं बघत राहिली. वैशाली विचारायची, मनू, इथे काय बघायचं म्हणाली होतीस, तुझा कागद केबिनमध्येच राहिला. मनकर्णा लगेच सविस्तर लिहून पाठवायची. तासाभराने एक अंगठा यायचा. हेलसिंकीला पोचल्यावर फोटो आले, प्रश्न आले नाहीत. गौतमनेही एकदा विचारलं, कशी आहे ट्रिप? त्याला कळवलं होतं तिने की व्हिसा मिळाला नाही. तो विसरला होता. तिने लिहिलं, छान.

सहाव्या दिवशी संध्याकाळी पावणेसहाला मेधाचा फोन आला. फोटो नाही, मेसेज नाही, फोनच.

"मनू, मी चुकले गं. ह्या दोघी पुढे गेल्या. मी बाकावर बसले होते जरा, उठून बघते तर नाहीत. फोन लावते तर लागत नाही."

"कुठे आहेस?"

"टालिन. वर टेकडीवर. साडेचारपर्यंत बोटीवर पोचायचंय आणि इथे सव्वातीन झालेत. त्या फोनमधल्या नकाशात मला काही कळत नाही, मी चालते तिकडे तो ठिपका उलटाच जातो."

मनकर्णाने टालिनचा कागद टेबलावर पसरला. "नकाशा बंद कर. समोर काय दिसतं ते सांग."

मेधाला कांद्यासारखे काळे घुमट असलेलं मोठं चर्च दिसत होतं. मनकर्णाने तिला चर्चच्या पायऱ्यांकडे पाठ करायला लावली आणि उतरता रस्ता शोधायला सांगितला, एका बाजूला उंच दगडी भिंत असलेला. मेधाला तो सापडेना. लाइन मध्येच तुटायची, आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. मनकर्णा उभी राहून ओरडून बोलायला लागली. भिंत, दगडी भिंत, डाव्या हाताला बघ, माणसं उतरताना दिसतील. शेवटी मेधा म्हणाली, हो, आहे, भिंत आहे.

मग त्या दोघी चालल्या. मनकर्णाचं बोट कागदावर आणि मेधाचे दुखरे गुडघे तिकडच्या दगडगोट्यांच्या रस्त्यावर. खाली बुरुजाच्या कमानीतून बाहेर पड. आता सरळ, कुठेही वळू नकोस. मेधा वाटेतलं सांगत होती: गुलाबी घर आहे, एका दारावर दगडी तोंडं कोरली आहेत, कॉफीचा वास येतोय. डाव्या हाताला खूप उंच टोकदार मनोरा येईल, मनकर्णा म्हणाली, आणि तो आला. समोर बुटका गोल बुरूज येईल, त्याला जाडी मार्गारेट म्हणतात. मेधा रडताना हसली. "आपल्या शाळेतल्या प्रार्थनेच्या बाईंसारखी?" ती म्हणाली. मनकर्णाही मोठ्याने हसली. त्या बुरुजाशेजारच्या दरवाज्यातून बाहेर, मोठा रस्ता सिग्नलवर ओलांडायचा, आणि मग वारा तोंडावर आला पाहिजे.

"आला गं," मेधा म्हणाली. "बोट दिसतेय."

मनकर्णा खुर्चीवर बसली. तिची साडी घामाने भिजली होती. पलीकडून दुसरे आवाज ऐकू आले, वैशालीचा, शिल्पाचा. मेधा घाईत म्हणाली, "त्या आल्या. ठेवते हं." फोन बंद झाला.

ती तशीच बसून राहिली, बोट कागदावर बंदराजवळ टेकलेलं. काही मिनिटांनी कुणीतरी दारावर काठी आपटली.

बाहेर वॉचमन "दोंगा, दोंगा" म्हणत होता, चोर, चोर. एकनाथराव त्याला दटावत होते, की कडी आतून आहे, म्हणजे आत माणूस आहे, मागे हो. लपायला आता जागा नव्हती. मनकर्णाने दार उघडलं.

एकनाथरावांची काठी वरच राहिली. त्यांच्यामागे इंदुताई होत्या, हाताला लोणच्याचं तेल लागलेलं. मग एकनाथरावांनी काठी खाली केली, वॉचमनला हाताने जायची खूण केली आणि स्वतःही मान खाली घालून जिना उतरले. इंदुताई मात्र राहिल्या. त्या उंबऱ्याशी थांबल्या, मनकर्णाकडे पाहिलं, बंद खिडक्यांकडे पाहिलं आणि आत आल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. सणावारी त्यांचं ताट दारापर्यंत यायचं आणि मनकर्णाचा चिवडा दारातूनच खाली जायचा. दोघींपैकी कुणी त्याबद्दल कधी काही बोललं नव्हतं.

इंदुताई खुर्ची ओढून बसल्या. "पाणी द्या," त्या म्हणाल्या. मनकर्णाने पाणी दिलं. त्या पेला ओठाला लावून सगळं पाणी प्यायल्या.

"कधी आल्या?"

"गेलेच नाही."

मनकर्णाने सगळं सांगितलं. कागदावरची खूण, ऑफिसातली बाई, गौतमचा फोन. जे तिने मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की पत्र लिहायला बसले आणि 'कारण'च्या पुढे काही सुचलं नाही, आणि ते अर्धं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. आवाज न करता राहायची सवय झाल्यामुळे ती हळू आवाजात बोलत होती.

इंदुताई ऐकत राहिल्या. त्यांना समजूत घालायची सवय नव्हती. त्या म्हणाल्या, "मला विचारलं असतं तर मी पण काय लिवलं असतं? खोटं कशाला बोलू. मला तुमचं पूर्ण नाव पण आज कळलं. मनकर्णा." त्यांनी ते नाव जरा थांबून उच्चारलं. "माझ्या मोठ्या जावेचं होतं."

"असं का," मनकर्णा म्हणाली.

"बरी बाई होती. गेली." इंदुताई उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि तेलकट हातानेच तिची कडी काढली. बाहेरचा रिक्षांचा आवाज आत आला. "परेशान नका होऊ. लोक दोन दिवस बोलतील." मग दाराशी जाऊन थांबल्या. आपण हिला जेवायला बोलवावं की काय, असं त्यांच्या मनात आलं असावं. पण बोलावलं नाही. म्हणाल्या, "दूध पाठवते," आणि खाली गेल्या.

लोक चार दिवस बोलले. मनकर्णा भाजीला जायला लागली. एकनाथराव जिन्यात भेटले की रस्ता देऊन उभे राहायचे, जरा जास्तच अदबीने. मेधाचा पुढे फोन आला नाही. टालिनच्या त्या संध्याकाळचा एक फोटो आला, बोटीवरच्या जेवणाचा, तिघींच्या हातात सरबताचे ग्लास. खाली वैशालीने लिहिलं होतं, मनू, वुई मिस यू.

परतल्यावर आठवड्याने वैशालीने सगळ्यांना घरी बोलावलं. टीव्हीवर फोटो दाखवले. शिल्पा आता त्यांच्यातलीच झाली होती. बोटीवरच्या कुठल्याशा वेटरचं नाव काढलं की तिघी हसायच्या. वैशालीने मनकर्णाला चॉकलेटं दिली, एक चुंबक दिला, कोट धुऊन इस्त्री करून दिला. टालिनचे फोटो आले तेव्हा शिल्पा म्हणाली, मेधाताई इथेच हरवल्या आणि आमची धांदल उडाली.

"कुठली हरवते," मेधा म्हणाली. "विचारत विचारत एकटी आले की बरोबर."

बोलताना तिने मनकर्णाकडे पाहिलं नाही. मनकर्णाने हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. वैशाली कौतुकाने म्हणाली, बघा, गणिताच्या बाई. पुढचा फोटो आला.

निघताना दोघी बरोबरच जिना उतरल्या. रस्त्यावर आल्यावर मेधा थांबली.

"मी तिथे बाकावर बसले होते ना," ती म्हणाली, "तेव्हा ह्यांना जाताना मी पाहिलं होतं. मला वाटलं वळून बघतील. बघू तरी, म्हणून हाक नाही मारली. कोपऱ्यापर्यंत गेल्या, वळल्या नाहीत. मग मी घाबरले. हे त्यांना कसं सांगू? तुझा फोन सांगितला असता तर सगळंच सांगावं लागलं असतं."

मनकर्णाला राग आला होता, तो तिथल्या तिथे गेला असं नाही. पण ती म्हणाली, "मला पण अजून एक चान्स होता. व्हिसाचा. मी पत्र लिहिलं नाही."

"का?"

"परत का यायचं ते लिहायचं होतं."

मेधाने गणित सोडवताना बघावं तसं समोर, बरकतपुऱ्याच्या चौकाकडे पाहिलं. मग मेधाने काचीगुड्याला जाणारी एक रिक्षा थांबवली, गुडघ्यावर हात टेकून आत चढली आणि पलीकडे सरकून बसली. "घरी सुनेची भिशी आहे," ती म्हणाली. "मला आतल्या खोलीतच बसायचंय."

मनकर्णाचं घर उलट्या दिशेला होतं, चालत दहा मिनिटांवर. तिने कोटाची पिशवी आधी आत ठेवली आणि मग ती मेधाशेजारी बसली.